कामा इस्पितळ आणि बायकांची भीति

इसवी सन १८८६ हें वर्ष महाराष्ट्रांतील बाळंतिणींच्या इतिहासांत दोन गोष्टींसाठीं लक्षांत ठेवण्याजोगें आहे. त्या वर्षीं मार्चच्या ११ तारखेस अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रीवैद्यक महाविद्यालयानें आनंदीबाई जोशी यांना डॉक्टरची पदवी दिली. आणि जुलैच्या ३० तारखेस मुंबईस पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या नांवाचें, केवळ बायका व मुलें यांच्याकरितां बांधलेलें आणि बायकांनींच चालवावयाचें इस्पितळ उघडलें. पहिली गोष्ट मराठी घरांत सर्वांना ठाऊक आहे. तिच्यावर चरित्रें झालीं, कादंबरी झाली, चित्रपटहि झाला. दुसरीची आठवण फार तर कोणाला पत्ता सांगतांना होते. आम्हांस मात्र असें वाटतें कीं, पहिल्या गोष्टीचा अर्थ दुसरीवांचून पुरा लागत नाहीं.

आनंदीबाईंना वयाच्या चौदाव्या वर्षीं मूल झालें व तें दहा दिवसांत गेलें. वेळेवर वैद्यकीय मदत मिळाली नाहीं याचा सल त्यांच्या मनांत राहिला, आणि पुढें त्यांनीं वैद्यकाचा मार्ग धरला, हें आपण सर्वांनीं वाचलेलें असतें. परंतु मदत मिळाली नाहीं म्हणजे नेमकें काय? इंग्रजी पद्धतीनें शिकलेले डॉक्टर त्या वेळीं मुंबई इलाख्यांत नव्हते असें नाहीं. ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ पासून चालू होतें. डॉक्टर होता, पण बाळंतिणीच्या खोलीपर्यंत त्याला वाट नव्हती. अमेरिकेस निघण्यापूर्वीं १८८३ सालीं कलकत्त्याजवळील सेरामपूर येथें केलेल्या व्याख्यानांत आनंदीबाईंनीं हेंच कारण पुढें केलें: आपल्या बायका पुरुषापुढें आपलें दुखणें उघड करीत नाहींत, म्हणून या देशाला हिंदु स्त्रीडॉक्टर हव्यात. पदवीच्या प्रबंधासाठींहि त्यांनीं विषय घेतला तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. कोल्हापुरास आल्बर्ट एडवर्ड इस्पितळांतील स्त्रियांच्या विभागाचें काम त्यांच्याकडे सोंपविण्याचें ठरलें होतें. पण क्षयानें पोखरलेल्या शरीराला तें झेपण्याची वेळच आली नाहीं. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास त्या वारल्या. वयाचीं बावीस वर्षेंहि पुरीं झालीं नव्हतीं.

बायकांच्या या संकोचाला अडाणीपणा म्हणून मोकळें होणें फार सोपें आहे, आणि गेल्या दीडशें वर्षांत पुष्कळ शहाण्यांनीं तेंच केलें. आम्हांस तें मान्य नाहीं. संकोच कशाचा होता आणि भीति कशाची होती हें पाहावयाचें तर आधीं जुन्या घरांतील बाळंतिणीच्या खोलींत डोकावलें पाहिजे.

घरांतली अंधारी, वारा न येणारी अशी ती खोली. बाज, बाजेखालीं शेगडी, ओवा-बाळंतशोपांची धुरी; दहा दिवसांची सोयर आणि शिवाशिव. सुईण पिढीजाद असे व तिचा हात कसलेला असे. पण तो हात धुतलेला आहे कीं नाहीं, नाळ कापावयाचें हत्यार कशावर ठेवलेलें होतें, याची विचारपूस कोणी करीत नसे. पांचव्या रात्रीं सटवाईची पूजा मांडून घर जागें राहात असे. या जागरणाला आपण हंसतों. पण त्या रात्रींची धास्ती निव्वळ कल्पनेंतली नव्हती. अस्वच्छ हत्यारानें कापलेल्या नाळेंतून धनुर्वात शिरला, तर लेंकरूं बहुधा पहिल्या पंधरवड्याच्या आंतच, आणि पुष्कळदां आठवडा भरतां भरतां दगावतें. म्हाताऱ्या बायकांनीं दिवसांचा हिशेब बरोबर धरला होता. चुकलें होतें तें कारण. (भारतांतून नवजात बालकांच्या धनुर्वाताचें उच्चाटन झाल्याचें २०१५ सालीं जाहीर झालें, तेव्हां या जुन्या धास्तीची कोणाला फारशी आठवण झाली नाहीं.)

मात्र त्याच खोलींत आणखीहि कांहीं होतें. आई, मावशी किंवा शेजारची एखादी अनुभवी बाई कळांच्या वेळीं पाठीशीं बसून कंबर धरीत असे. पहिलटकरणीला माहेर मिळे. तेल लावणें, ऊन पाण्याचें न्हाणें, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, सव्वा महिन्याचें निजणें, हें सर्व तिच्यासाठीं होई. विटाळ ही कल्पना अपमानाची खरी. तरी चुलीपाशीं जन्म काढणाऱ्या सुनेला कोणीं काम सांगूं नये असे दिवस तिच्या आयुष्यांत याच विटाळाच्या आडून येत, हेंहि विसरतां कामा नये. इस्पितळ म्हणजे हें सगळें उंबऱ्याबाहेर ठेवून परक्या खाटेवर पडणें. परक्या पुरुषाचा हात, परक्या हातचें अन्न, आणि ओळखीचें माणूस फाटकाबाहेर. अशा जागीं बाई आपण होऊन जात नसे. सुईण हरली, नवस हरले, आणि दोन दिवस कळा देऊन बाई थकली, म्हणजे तिला उचलून नेत. तेथें ती मेली म्हणजे गांवांत बोललें जाई कीं, इस्पितळानें मारली.

बरें, इस्पितळांत गेल्यानें जीव वांचेल अशी तरी खात्री होती काय? युरोपांत जेथें प्रसूतिगृहें आधीं निघालीं तेथील अनुभव पाहिला तर नव्हती. व्हिएन्ना शहरांतील मोठ्या प्रसूतिगृहाचे दोन विभाग होते. पहिल्यांत वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यांत सुइणी शिकत. १८४६ सालीं पहिल्या विभागांत शंभर बाळंतिणींमागें अकराहून अधिक दगावल्या. दुसऱ्यांत तीनसुद्धां नाहींत. शहरांतल्या गरीब बायकांपुढें हे आंकडे कोणीं मांडले नव्हते. तरीहि पहिल्या विभागांत घालूं नका म्हणून त्या गुडघे टेकून विनवीत. या भीतीला वेडगळ समजणारे होते. इतकेंच नव्हे, तर भीतीनेंच बाळंतज्वर येतो असाहि एक तर्क लढविला गेला होता. १८४७ सालीं इग्नाझ झेमेलवाइस या डॉक्टरानें दाखवून दिलें कीं, विद्यार्थी प्रेतें चिरून तसेच बाळंतिणींकडे येतात आणि मरण त्यांच्या हातांवरून येतें. क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यानें हात धुण्याची सक्ति होतांच पहिल्या विभागांतील मृत्यु दुसऱ्याच्या बरोबरीला आले. म्हणजे त्या अक्षरशत्रु बायका जें बोलत होत्या तेंच खरें होतें, आणि विद्वानांना तें कळावयास वर्षें लागलीं.

मुंबईच्या कामा इस्पितळाचें वैशिष्ट्य आम्हांस याच संदर्भांत दिसतें. तें उभारणाऱ्यांनीं बायकांच्या भीतीला उपदेशानें उत्तर दिलें नाहीं, व्यवस्थेनें दिलें. बायका येत नाहींत तर बायकांचें चुकतें असें न म्हणतां त्यांनीं असें धरलें कीं, इस्पितळाचेंच कांहीं चुकत असलें पाहिजे.

या खटपटींत दोन गृहस्थ मुख्य होते. एक जॉर्ज किट्रेज, मुंबईंत व्यापार करणारा अमेरिकन; दुसरे सोराबजी शापूरजी बंगाली, गिरण्यांतील मजुरांच्या तासांना कायद्याची मर्यादा असावी म्हणून झगडणारे पारशी सुधारक. १८८२ सालीं फ्रान्सिस हॉगन या विलायतेंतील स्त्रीडॉक्टरचा या प्रश्नावरील लेख किट्रेजच्या वाचनांत आला. त्याच वर्षीं पुण्यास हंटर कमिशनपुढें पंडिता रमाबाईंनीं स्त्रियांना वैद्यक शिकूं द्यावें अशी मागणी केली होती. किट्रेज आणि बंगाली यांनीं उभारलेल्या निधीचे हेतु तीन होते: विलायतेंतून शिकलेल्या स्त्रीडॉक्टर आणणें, येथील मुलींना वैद्यकाचें शिक्षण उघडें करणें, आणि बायका व मुलें यांच्यासाठीं स्त्रियांच्याच हातचें इस्पितळ व दवाखाना काढणें. ग्रँट मेडिकल कॉलेजचें दार मुलींना १८८३ सालीं उघडलें. इस्पितळासाठीं पेस्तनजी कामा यांनीं एक लाख रुपये देऊं केले व पुढें ही रक्कम बरीच वाढविली. १८८५ सालीं व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरिन यांच्या नांवें देशभर असाच निधि निघाला आणि कीर्ति त्यालाच अधिक लाभली. पण मुंबईकरांचें पाऊल त्याच्या आधीं पडलें होतें, आणि तें सरकारच्या पुढाकारानें नव्हे, हें येथें नमूद केलें पाहिजे.

इस्पितळाची सूत्रें ज्या बाईंकडे आलीं त्या एडिथ पेची. परकी बाई, पण अपमान म्हणजे काय तें जाणणारी. एडिंबरो विद्यापीठांत ज्या सात मुलींनीं पहिल्यानें वैद्यक शिकण्याचा हट्ट धरला त्यांतली ही एक. रसायनाच्या परीक्षेंत यश मिळविलें असतां केवळ स्त्री म्हणून हिची शिष्यवृत्ति दुसऱ्याला देण्यांत आली. १८७० सालीं परीक्षेला जातांना या मुलींवर जमावानें चिखल फेंकला. डिसेंबर १८८३ मध्यें ती मुंबईस उतरली. कामा इस्पितळाची इमारत तयार होण्याआधीं जाफर सुलेमान यांच्या देणगींतून दवाखाना सुरू झाला, आणि थोड्याच दिवसांत तेथें इतकी गर्दी होऊं लागली कीं, सर्वांना पाहणें कठीण झालें. ज्या बायका डॉक्टरकडे जातच नाहींत म्हणून गेलीं चाळीस वर्षें ओरड होती त्याच या बायका! डॉक्टर बदलतांच रोगी बदलले. पेचीबाईंनीं इस्पितळांत परिचारिकांचें शिक्षणहि सुरू केलें, आणि स्त्रीडॉक्टरला पुरुषापेक्षां कमी वेतन कां, हा प्रश्नहि त्या विचारीत राहिल्या.

स्त्रियांच्या हातीं इस्पितळें आल्याचा आणखी एक परिणाम झाला, त्याची चर्चा आमच्याकडे कमी होते. खोलीच्या आंत काय चालतें याला प्रथमच लिहितांवाचतां येणारी साक्षीदार मिळाली. १८८९ सालीं कलकत्त्यास फुलमणी नांवाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या बळजबरीनें मरण पावली, आणि संमतिवयाच्या कायद्याचा वाद पेटला. पुण्यांत विद्वानांच्या सभा होऊन गर्भाधानासंबंधीं वचनांचा कीस काढण्यांत आला. त्या वेळीं पेचीबाईंनीं मुंबईच्या हिंदूंना उद्देशून बालविवाहाविरुद्ध भाषण केलें, आणि देशांतील सुमारे पंचावन्न स्त्रीडॉक्टरांनीं सरकारकडे अर्ज केला. त्यांत शास्त्रवचन एकहि नव्हतें, आपल्या हाताखालून गेलेल्या कोंवळ्या मुलींच्या हकीकती होत्या. १८९१ सालीं वयोमर्यादा दहावरून बारावर आली. बारा वर्षें! एवढ्याशा पावलासाठीं केवढें रण माजलें होतें, याचें आज नवल वाटतें.

आतां आमच्या पांढरपेशा वर्गाविषयीं दोन शब्द. इस्पितळांतील बाळंतपणाला पुढें झाला तो आमचा वर्ग नव्हे. पारशांनीं पुढाकार घेतला तो स्वतःचा अनुभव पाहून: त्यांच्यांतहि बाळंतिणीला तळमजल्यावरील ओलसर, अंधाऱ्या जागीं ठेवण्याची चाल होती आणि ज्वरानें माणसें जात. डॉ. तेमुलजी नरिमान यांनीं याच दशकांत पारशी बाळंतिणींसाठीं वेगळें प्रसूतिगृह काढण्याची चळवळ केली. दुसऱ्या बाजूनें, एका खोलींत दोन दोन बिऱ्हाडें राहणाऱ्या कष्टकरी बाईला सोयर पाळावयास कोपराच नव्हता. तिला इस्पितळाची खाट ही एकांताची जागा वाटली असल्यास आश्चर्य नाहीं. ज्यांच्या घरांत वेगळी खोली, विहीर आणि हाताशीं माणसें होतीं ते मात्र घरींच राहिले, आणि आपल्या राहण्याला संस्कृतीचें नांव देत राहिले.

आमच्या घरांचीं दारें किलकिलीं झालीं तीं आमच्याच मुली परिचारिका झाल्यावर. १९०९ सालीं पुण्यास रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर यांनीं सेवासदन काढलें. त्याच्या विद्यार्थिनी, पुष्कळ विधवा, ससून इस्पितळांत परिचर्या आणि सुइणीचें काम शिकूं लागल्या. ब्राह्मणाच्या विधवेनें परजातीच्या बाळंतिणीचीं धुणीं धुवावयाचीं, तिला शिवावयाचें, म्हणजे त्या काळच्या सदाशिव-नारायण पेठांत केवढा गहजब झाला असेल! सुईणपणाचें काम हलक्या जातीचें मानून त्या कामावर जगणाऱ्या बाईला आपण ओसरीखालीं उभी करीत आलों होतों. तेंच काम पांढऱ्या लुगड्यांत, प्रमाणपत्र घेऊन करणारी बाई दिसल्यावर तें काम विद्या ठरलें. पिढीजाद सुईण मात्र ओसरीखालींच राहिली. तिच्या हातची माया आणि तिचा अनुभव यांचें आपण काय केलें, हा प्रश्न आमच्या मतें अजून नीट विचारला गेलेला नाहीं.

गिरणगांवांत प्रश्न निराळा होता. परळला नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह १९२६ सालीं सुरू झालें. पण खाट असून उपयोग काय, जर बाई कळा येईपर्यंत यंत्रापुढें उभी राहाणार आणि पगार बुडेल म्हणून चार दिवसांत परत येणार? गिरण्यांतील बायकांच्या स्थितीची पाहणी डॉ. बार्न्स या स्त्रीडॉक्टरनें १९२२ च्या सुमारास केली होती. मुंबईच्या कायदेमंडळांत प्रसूतिभत्त्याचें बिल आलें तेव्हां २८ जुलै १९२८ रोजीं डॉ. आंबेडकर यांनीं त्याचा पुरस्कार केला. बाळंतपणाआधीं व नंतर आईला विश्रांति मिळणें यांत राष्ट्राचें हित आहे, आणि म्हणून त्याचा भार सरकारनेंहि उचलला पाहिजे, असें त्यांचें म्हणणें होतें. १९२९ सालीं कायदा झाला. हिंदुस्थानांतला अशा प्रकारचा तो पहिला. वरच्या वर्गाच्या सुनेला विटाळानें जी विश्रांति मिळे ती कामगार बाईला कायद्यानें मिळवावी लागली.

याच सुमारास, १९२८ सालीं, कामा इस्पितळाचें प्रमुखपद प्रथमच एका भारतीय स्त्रीकडे आलें. डॉ. जेरुशा झिराड या बेने इस्राएल समाजांतल्या. मराठी ही त्या समाजाची घरची भाषा. त्या लहान असतांना त्यांची थोरली बहीण याच कामा इस्पितळांत डॉ. बेन्सन यांच्या उपचारानें बरी झाली, आणि डॉक्टर व्हावयाचें तें अशाच इस्पितळासाठीं, हें अकराव्या वर्षींच त्यांच्या मनानें घेतलें. ग्रँट मेडिकल कॉलेज, मग लंडन. १९१९ सालीं तेथें प्रसूतिशास्त्रांत एम.डी. १९४७ पर्यंत त्यांनीं इस्पितळ सांभाळलें. आपल्या बोलींत कण्हणारी बाई आणि तें कण्हणें दुभाष्यावांचून समजणारी डॉक्टर, एवढा बदल साठ वर्षांत झाला होता. पण झिराडबाईंचें आम्हांस विशेष मोठें वाटणारें काम वेगळें आहे. मुंबई शहरांत बाळंतिणी कां मरतात याची त्यांनीं चौकशी केली आणि तिचा अहवाल १९४१ सालीं प्रसिद्ध झाला. तोंवर बाळंतपणांत बाई गेली म्हणजे तिचें नशीब पुढें येई. मृत्यूची कारणें गोळा करून मांडणें म्हणजे त्या नशिबाची उलटतपासणी करणें होय.

त्यानंतरचा काळ वेगानें गेला. रक्तपेढ्या आल्या, जंतुनाशक औषधें आलीं, आणि खेड्यांतहि बाळंतपण घरांतून बाहेर पडलें. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांत शंभरांपैकीं जवळजवळ ९५ बाळंतपणें इस्पितळांत झालेलीं दिसलीं. २०१८ ते २०२० या काळांत लाख जिवंत जन्मांमागें मातांचे मृत्यु देशांत ९७, तर महाराष्ट्रांत ३३ होते. आनंदीबाई आणि पेचीबाई यांना हे आंकडे स्वप्नवत् वाटले असते. भीति मात्र गेली नाहीं, तिनें घर बदललें. त्याच पाहणींत देशांतील खाजगी इस्पितळांत शंभरांत ४७ बाळंतपणें पोट चिरून झालेलीं आढळलीं, सरकारींत १४. चाकू खरोखर कोणासाठीं चालला, हें विचारण्याची सोय बाईला कितपत असते? आणि गर्दीच्या सरकारी कक्षांत कळांनीं ओरडणाऱ्या बाईला जें ऐकावें लागतें तें आमच्या परिचयांतल्या बायकांनीं आम्हांस सांगितलें आहे. तें येथें छापण्यासारखें नाहीं.

पण त्याच कक्षांतली दुसरी बाजूहि आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीं दोन दहशतवादी कामा इस्पितळांत शिरले आणि दोन पहारेकरी मारले गेले. परिचारिका अंजली कुलथे यांनीं आपल्या कक्षांतील सुमारे वीस गरोदर बायकांना एका लहानशा खोलींत नेऊन दिवे मालवले व दारें लावलीं. त्यांतल्या एकीला कळा सुरू झाल्या. गोळीबार चालू असतां भिंतीच्या आधारानें तिला प्रसूतिकक्षांत नेलें, आणि मूल सुखरूप जन्मलें. पुढें कुलथे यांनीं न्यायालयांत साक्ष दिली. पेचीबाईंनीं त्या इमारतींत परिचारिका घडविण्यास आरंभ केला, त्याला चांगलीं सव्वाशेंच्या आसपास वर्षें होत आलीं होतीं.

फेब्रुवारी २०१६ मध्यें केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयानें सरकारी इस्पितळांत प्रसूतीच्या वेळीं बाईजवळ तिचें एक माणूस राहूं देण्यास परवानगी दिली. अटी अशा: सोबतीण स्वतः बाळंतपणांतून गेलेली असावी, तिला कोणताहि सांसर्गिक रोग नसावा, तिचे कपडे स्वच्छ असावेत, तिनें शेवटपर्यंत थांबावें, आणि डॉक्टर-परिचारिकांच्या कामांत ढवळाढवळ करूं नये. जेथें खाटांमध्यें आडोसा आहे तेथें नवऱ्यालाहि बसतां येईल. अंधाऱ्या खोलींत पाठीशीं बसून कंबर धरणारी ती अनुभवी बाई, हात धुऊन, एकशें तीस वर्षांनीं परत आंत आली; पण पुष्कळ इस्पितळांत दोन खाटांमधला पडदा अजून लागावयाचा आहे.